‘सीडी लागत नाही’: एका छोट्या पुस्तिकेची प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्यात इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरमध्ये डीव्हीडी प्लेअर अजून बऱ्याच घरांत आहे. टीव्हीच्या शोकेसमध्ये सेट-टॉप बॉक्सखाली दबलेला, वर क्रोशाचा रुमाल, रिमोटमधले सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातलेले. रोज त्याला कुणी हात लावत नाही. पण लग्नाचा वाढदिवस आला, माहेरवाशीण मुक्कामाला आली, किंवा घरातल्या गेलेल्या माणसाचा आवाज वर्षश्राद्धाला ऐकावासा वाटला, की प्लेअरवरची धूळ पुसली जाते, सीडीची शोधाशोध होते आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ येतं. मग ‘प्लेअर गेला’ असा निकाल घरातच लागतो. काही घरी तो त्याच आठवड्यात भंगारवाल्याकडे जातो.

ही पुस्तिका म्हणजे त्या निकालावरचं अपील आहे. बहुतेक वेळा प्लेअर गेलेला नसतो. कधी त्या प्लेअरचं आणि त्या डिस्कचं जमत नाही, कधी डिस्क मळलेली असते, कधी लेन्सवर कापसाचं तूस बसलेलं असतं. ह्या तिन्हींवर घरच्या घरी करण्यासारखं बरंच आहे. पुस्तिकेत सांगायची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: घरातली जी सीडी पुन्हा कुठेही मिळणार नाही, नेमकी तीच आपण सगळ्यात वाईट ठेवतो.

आधी ही डिस्क इथं आली कशी ते थोडक्यात. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढं ह्या पट्ट्याचं सगळं जगणं मागाच्या खडखडाटाशी बांधलं गेलं. कबनूर त्याच पट्ट्यातलं. मजुरीवर कापड विणून देणाऱ्या खर्चीवाल्यांच्या शेड, सुताला खळ देणारं सायझिंग, बीमचे धागे भरणारे वहिफणीवाले, दिवसपाळी-रातपाळी. रातपाळी करून आलेल्या माणसाला सिनेमाच्या खेळाच्या वेळा कधी सोयीच्या नव्हत्या. त्याला घरात, आपल्या वेळेला लागणारा सिनेमा हवा होता. आधी भाड्याचा व्हीसीआर आणि कॅसेट आली, मग व्हीसीडी. व्हीसीडीचं मानक 1993 साली ठरलं. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी ह्या कंपन्या त्यामागं होत्या. युरोप-अमेरिकेनं तिला फारसं विचारलं नाही. चीन, आग्नेय आशिया आणि आपण मात्र तिला डोक्यावर घेतलं. एका व्हीसीडीत साधारण 74 मिनिटं मावत, म्हणून सिनेमा दोन किंवा तीन सीडींत येई आणि ऐन रंगात आला असताना कुणाला तरी उठून ‘दुसरी’ घालावी लागे.

डीव्हीडी 1996 च्या नोव्हेंबरात जपानमध्ये बाजारात आली. आपल्या गल्लीत ती स्वस्त व्हायला आणखी दहा वर्षं गेली. 2007 साली मोझर बेअर ह्या भारतीय कंपनीनं सिनेमाच्या व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढल्या, तेव्हा भाड्याच्या सीडीचा धंदा बसला. एसटी स्टँडच्या गाड्यावर, जोतिबाच्या चैत्र यात्रेत, गावच्या उरसात भजन, कीर्तन, लावणी आणि दादा कोंडक्यांचे सिनेमे ढिगानं मिळू लागले. ही कंपनी 2018 साली अवसायनात निघाली. तिच्या डिस्क मात्र कबनूरच्या घरांत अजून चालतात आणि ह्या पुस्तिकेच्या दृष्टीनं त्यात मोठी शिकवण आहे. त्या का चालतात आणि त्याच कपाटातली लग्नाची डीव्हीडी का अडकते, हे समजलं की निम्मं काम झालं.

दोन्ही डिस्क हातात घेऊन खालची बाजू उजेडात धरा. सिनेमाची विकतची डिस्क खालून चांदीसारखी लख्ख दिसेल. लग्नाची डिस्क जांभळट दिसेल. (सीडी-आर असेल तर हिरवट, निळसर किंवा सोनेरी झाक येते, पुन्हा-पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू काळपट करडी दिसते.) चांदीच्या डिस्कवरची माहिती कारखान्यात साच्यानं ठोकलेली असते. प्लास्टिकमध्ये खड्डे पाडलेत, वर ॲल्युमिनियमचा मुलामा आहे. ते खड्डे कुठं जात नाहीत. जांभळ्या डिस्कमध्ये मात्र खड्डे नाहीतच. तिथं रंगाचा एक थर आहे आणि लग्नाचं चित्रीकरण जोडून डिस्क काढून देणाऱ्या मिक्सिंगवाल्याच्या संगणकातल्या लेसरनं तो ठिपक्याठिपक्यानं जाळलेला आहे. लग्नातला प्रत्येक क्षण म्हणजे त्या रंगावरचा एक डाग. रंग उडाला की डागाला अर्थ राहत नाही. हा रंग ऊन, उष्णता आणि दमटपणा ह्या तिघांना भितो. ज्वारीवरची पाखरं हाकायला शेतात दोऱ्यानं बांधलेल्या सीडी आपण पाहतोच. त्यातली एखादी जांभळी असेल तर काही आठवड्यांनी ती कशी दिसते ते जवळ जाऊन बघा. तोच परिणाम पत्र्याच्या माळ्यावर ठेवलेल्या डिस्कवर होतो, फक्त हळू.

आता ‘लागत नाही’ ह्या तक्रारीकडे येऊ. प्लेअर डिस्क ओळखतो ती परत येणाऱ्या उजेडावरून. कारखान्यातली एका थराची डीव्हीडी तिच्यावर पडलेल्या उजेडातला 45 ते 85 टक्के उजेड परत पाठवते. आरडब्ल्यू डिस्क फक्त 18 ते 30 टक्के परत करते. नवीन असताना प्लेअरला हा फरक झेपतो. लेन्स मळली, लेसर थकला, की आधी आरडब्ल्यू लागायची बंद होते, मग जांभळी, आणि चांदीची सगळ्यात शेवटी. म्हणून ‘सिनेमा लागतो पण लग्न लागत नाही’ ही तक्रार ऐकली की डिस्कला आणि प्लेअरला दोघांनाही थोडा-थोडा दोष द्यावा आणि आधी लेन्स साफ करून पाहावी.

सुरुवातीच्या काळातल्या काही डीव्हीडी प्लेअरचं दुखणं निराळं होतं. डीव्हीडी वाचायला 650 नॅनोमीटरचा तांबडा लेसर लागतो, सीडीला 780 नॅनोमीटरचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा. सीडी-आरमधला रंग 780 ला उजेड परत देतो, 650 चा गिळून टाकतो. एकच लेसर असलेल्या त्या प्लेअरमध्ये कारखान्याची सीडी वाजे आणि घरी लिहिलेली वाजत नसे. पुढं एकाच पिकअपमध्ये, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या भागात, दोन लेसर आले आणि हा घोळ मिटला.

डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर हा उणे-अधिकचा वाद आज कुणाला आठवायचं कारण नाही, पण जुना प्लेअर असेल तर आठवावा. उणेवाली 1997 ची, पायोनियरची. अधिकवाली 2002 ची, दुसऱ्या गटाची. जुन्या प्लेअरना उणेवाली जास्त मानवते. नवी प्रत काढायची असेल आणि निवड हातात असेल तर घरच्या प्लेअरसाठी उणेवाली घ्या, एवढं पुरे.

त्यापेक्षा जास्त घोटाळे फायनलायझेशनचे असतात. डिस्क लिहून झाल्यावर तिच्या सुरुवातीला आणि शेवटाला काही खुणा लिहून ती बंद करावी लागते. ती पायरी राहिली तर लिहिणाऱ्या यंत्रात डिस्क दिसते, तुमच्या प्लेअरला ती कोरी वाटते. आठ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारे हँडीकॅम काही वर्षं बारशा-वाढदिवसांना फिरत होते. अशी अर्धवट राहिलेली छोटी डिस्क घरात असेल तर तो कॅमेरा, किंवा त्याच जातीचा दुसरा, हुडकून त्यातच ती बंद करून घेणं हा सगळ्यात सोपा मार्ग. कॅमेरा विकून टाकलेला असतो, ही अडचण मला ठाऊक आहे. आणि ही छोटी डिस्क लॅपटॉपच्या किंवा गाडीतल्या फटीतून आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका. ती बाहेर येत नाही.

तिसरा प्रकार अलीकडचा. मिक्सिंगवाला डीव्हीडीवर एमपी-4 फाइल उतरवून देतो. संगणकावर झकास दिसते, 2008 च्या प्लेअरवर काहीच नाही. डिस्क डीव्हीडी आहे, पण डीव्हीडी-व्हिडिओ नाही. घरच्या प्लेअरला एमपीईजी-2 मधला व्हिडिओ ठरलेल्या फोल्डरात, ठरलेल्या नावानं लागतो. प्लेअरच्या कपाळावर डिव्हएक्सचा शिक्का असला तर काही जुन्या फाइली चालतील. आजच्या मोबाइलमधून निघणाऱ्या फाइली बहुधा नाहीत. दुकानात सांगताना ‘डीव्हीडी काढून द्या’ म्हणू नका, ‘घरच्या प्लेअरवर लागणारी व्हिडिओ डीव्हीडी करून द्या’ म्हणा. आणि चार तासांचं लग्न एका डिस्कवर कोंबायला सांगू नका. 4.7 जीबीच्या डिस्कवर दोन तास चांगले दिसतात. चार तास घातले की शालूवरची जर जाते आणि अक्षता पडताना पडद्यावर नुसते चौकोन उडतात. ह्यात डिस्कचा दोष काही नाही.

परदेशातल्या नातेवाइकांचा प्रश्न ह्या गावातही आहे. भारत डीव्हीडीच्या पाचव्या विभागात, अमेरिका पहिल्या, युरोप, जपान आणि आखात दुसऱ्या. विकतच्या सिनेमाच्या डिस्कवर हा विभाग लिहिलेला असतो, घरी लिहिलेल्यावर नसतो. तरी इथून धाडलेली लग्नाची डीव्हीडी अमेरिकेतल्या पुतण्याच्या प्लेअरवर लागायची नाही, कारण आपलं चित्र पाल पद्धतीचं, सेकंदाला 25 चौकटी, 576 ओळी. तिकडचं एनटीएससी, सुमारे 30 चौकटी, 480 ओळी. आपल्याकडे विकले गेलेले बरेच प्लेअर दोन्ही वाचतात. अमेरिकेत विकले जाणारे बरेचसे पाल वाचत नव्हते. संगणकाला हा भेद नाही. पुतण्याला फोन करून ‘लॅपटॉपवर लाव’ म्हणायचं, एवढाच उपाय होता.

ह्या पुस्तिकेत सगळ्यात जास्त पानं मी तुसाला दिली आहेत, कारण बाहेरच्या कुठल्याही माहितीपत्रकात त्याचा उल्लेख सापडत नाही. कंपनीचं पत्रक धुळीबद्दल सांगतं. आपल्याकडं धूळ आहेच, पण तिच्याबरोबर कापूस आहे. माग चालतो त्या शेडच्या वरच्या मजल्यावर घर असतं, नाहीतर भिंतीला भिंत. पंख्याच्या पात्यावर, मच्छरदाणीवर, देवाच्या तसबिरीमागं ते पांढरं मऊ तूस बसलेलं दिसतं. प्लेअरच्या आत दिसत नाही, इतकंच.

कापसाच्या एका तंतूची जाडी साधारण 15 मायक्रॉन. डीव्हीडीवरच्या माहितीच्या दोन शेजारच्या ओळींतलं अंतर 0.74 मायक्रॉन. म्हणजे एक तंतू आडवा पडला तर वीस ओळी त्याच्याखाली झाकल्या जाव्यात. मग डिस्क मुळात चालतेच कशी? ह्याचं उत्तर डिस्कच्या बांधणीत आहे आणि मला ते फार सुंदर वाटतं. डीव्हीडी 1.2 मिलिमीटर जाड असते, 0.6 मिलिमीटरच्या दोन पारदर्शक चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या, आणि माहिती पुरणपोळीतल्या पुरणासारखी मधोमध. लेसरचा झोत खालच्या पृष्ठभागावर शिरतो तेव्हा जवळपास अर्धा मिलिमीटर रुंद असतो आणि आत जाता-जाता निमुळता होत माहितीवर टोकदार बनतो. पृष्ठभागावरच्या तंतूला तो झोत जणू बघतच नाही. उजेडाचा अगदी थोडा भाग अडतो. शिवाय माहिती लिहितानाच तिच्यात जादा आकडे मिसळलेले असतात, त्यांच्या गणितावरून गळालेला भाग भरून काढता येतो. सलग साधारण सहा मिलिमीटरपर्यंतची तूट डीव्हीडी सहन करते. म्हणून डिस्कवरच्या दोन-चार तंतूंनी काही होत नाही.

लेन्सवरच्या तुसानं होतं. डिस्कवरचा तंतू फेरा आला की पुढं सरकतो, लेन्सवरचा तिथंच असतो, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत, प्रत्येक डिस्कला. त्यात मागाच्या तेलाचा सूक्ष्म अंश घरातल्या हवेत असतो आणि तंतू त्याला धरून राहतो. परत येणारा उजेड दर महिन्याला थोडा-थोडा घटतो. आधी जांभळ्या डिस्क रुसतात. प्लेअर डिस्क फिरवतो, टिक-टिक असा आवाज करत लेन्स वरखाली करून पाहतो, पुन्हा फिरवतो आणि हात टेकतो. तो आवाज येत असेल तर यंत्र जिवंत आहे, त्याला फक्त दिसत नाहीय.

अशा वेळी काय करावं हे पुढच्या प्रकरणात चित्रांसह आहे. काय करू नये ते मात्र इथंच सांगतो, कारण लोक प्रस्तावना वाचतात आणि प्रकरणं चाळतात. शेडमधला कंप्रेसरचा पाइप आणून आत हवा मारू नये. ऑटोलूम मागावरचा कापूस त्या हवेनं क्षणात उडतो म्हणून ही कल्पना सुचते. पण लेन्स केसासारख्या बारीक तारांवर तरंगत असते, त्या दाबानं ती वाकडी होते, आणि त्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं. तोंडानं फुंकर मारू नये, थुंकीचे कण बसतात. कॅमेऱ्याचा रबरी फुगा मिळतो, तो वापरावा. ते नाहीच जमलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अर्धवट ओला केलेला स्वच्छ बड, अजिबात न दाबता, एकदा. त्याआधी प्लेअरचा प्लग काढलेला असावा. वीज चालू असताना झाकण उघडून लेन्सकडं रोखून बघणं डोळ्याला घातक आहे आणि आतल्या सप्लायमध्ये 230 व्होल्ट खेळत असतात. हे ज्याला जमणार नाही त्यानं मेकॅनिककडं जावं.

मेकॅनिकलाही एक विनंती करावी. पिकअपच्या पट्टीवर इवलासा प्रीसेट असतो. तो फिरवून लेसरचा करंट वाढवला की दुकानात डिस्क लगेच लागते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि लेसर काही महिन्यांत कायमचा जातो. ‘आधी लेन्स पुसा, बेल्ट बघा, मग काय ते करा’ असं सांगितलं तर चांगला कारागीर रागावत नाही. ट्रे बाहेर येत नसेल तर बहुधा आतला रबरी बेल्ट सैल झालेला असतो आणि तो काही रुपयांत मिळतो. ह्या एका बेल्टपायी भंगारात गेलेले प्लेअर किती असतील!

डिस्क पुसायची ती मधल्या भोकाकडून कडेकडं, सरळ रेषेत. ताटासारखी गोल-गोल पुसू नये. माहितीची ओळ गोल फिरते. गोल ओरखडा एकाच ओळीबरोबर लांबवर धावतो आणि सहा मिलिमीटरची ती मर्यादा ओलांडतो. आडवा ओरखडा ओळीला फक्त छेदून जातो. पुसायला जुना, बऱ्याचदा धुतलेला सुती कपडा उत्तम. आपल्या गावात चांगल्या सुती कापडाला तोटा नाही, पण खळ असलेलं कोरं कापड घेऊ नका, ते खरवडतं. थिनर, पेट्रोल कधीच नाही. पॉलिकार्बोनेट त्यानं धुरकट होतं, तडकतं. टूथपेस्टचा उपाय मी हसण्यावारी नेणार नाही. ती बारीक पॉलिश आहे, खालच्या बाजूचा उथळ ओरखडा तिनं विरतो. पण खोबरेल तेल आणि केळ्याची साल ह्यांचं कौतुक मला कधी कळलं नाही.

सीडी आणि डीव्हीडी ह्यांत एक फरक लक्षात ठेवा. डीव्हीडीत माहिती मधोमध असते. सीडीत आणि व्हीसीडीत ती वरच्या, नाव लिहितो त्या बाजूला असते, वर फक्त पातळ लाखेचा थर. आपण सीडी ठेवताना खालची बाजू जपतो आणि छापलेली बाजू टेबलावर घासतो, अगदी उलट. व्हीसीडीची वरची बाजू बॉलपेननं लिहिताना चिरली तर तिथली माहिती गेलीच, तिला टूथपेस्ट नाही. लिहायचं तर मऊ टोकाच्या पाण्याच्या शाईनं, तेही मधल्या पारदर्शक कड्यावर. कागदी लेबल डिस्कवर चिकटवू नये. डीव्हीडी आतल्या बाजूला मिनिटाला 1,400 च्या आसपास फेरे घेते, लेबल वाकडं असलं तर ती थरथरते. आणि पावसाळ्यात लेबलाचा एक कोपरा सुटून ट्रेमध्ये अडकतो.

लग्नाच्या डीव्हीडीत पाठवणीच अडकते, अशी तक्रार इतक्या घरांतून येते की त्याला लोक अपशकुन समजू लागलेत. त्याचं कारण साधं आहे. डिस्क आतून बाहेर वाचली जाते: मांडव, हळद, साखरपुडा मध्याजवळ, आणि पाठवणी अगदी कडेला. कडेलाच आपली बोटं लागतात, कडेनंच दमटपणा आत शिरतो आणि घाईघाईत जलद गतीनं लिहिलेल्या डिस्कवर सगळ्यात जास्त चुका कडेलाच असतात. म्हणून डिस्क तपासायची तर पहिली पाच मिनिटं पाहून ‘चांगली आहे’ म्हणू नये, थेट शेवटी जाऊन पाहावं.

ठेवायची कुठं? अमेरिकेतल्या निस्ट ह्या सरकारी मानक संस्थेनं 2003 साली ह्याबद्दल एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात दीर्घ साठवणीसाठी तापमान 20 अंशांच्या आत आणि आर्द्रता 50 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलंय. आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये हे वाचून हसू येतं. जमण्यासारखं असं: आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट, मधला कप्पा, डिस्क प्रत्येकी डब्यात आणि उभी, जवळ औषधाच्या बाटलीतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. साड्यांच्या कप्प्यात डांबरगोळ्यांशेजारी ठेवू नका. त्यांची वाफ सीडीच्या कडक पारदर्शक डब्याच्या प्लास्टिकला खाते. प्लास्टिकच्या मऊ पाकिटांत गच्च भरलेलं ते सीडीचं पाउचही नको, पावसाळ्यात पाकीट डिस्कला चिकटतं.

2005, 2019 आणि 2021 ह्या तिन्ही महापुरांत पंचगंगेचं पाणी इचलकरंजीच्या नदीकाठच्या वस्तीत आणि शिरोळच्या गावांत शिरलं. अशा पाण्यातून निघालेल्या डिस्क लोक कागदांबरोबर फेकून देतात. तसं करू नये. गाळ सुकण्याआधी स्वच्छ पाण्यात, थोड्या सौम्य साबणानं, न घासता धुवाव्यात, सावलीत उभ्या वाळवाव्यात, आणि लगेच प्रत काढावी. कागदाचा फोटो गेला तर गेला. डिस्क बऱ्याचदा वाचते.

प्रतीबद्दल कोल्हापूर जिल्ह्यानं कुणाकडून शिकायची गरज नाही, इथं पुरावाच आहे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं ह्याच कोल्हापुरात 1920 चा ‘सैरंध्री’ आणि 1925 चा ‘सावकारी पाश’ काढला. त्यांचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. 2003 च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. सिनेमाच्या मोठ्या कंपन्यांच्या कामाचं हे झालं. आपल्या घरातल्या एका जांभळ्या डिस्कला तर नेगेटिव्हही नसते. मिक्सिंगवाले मूळ फाइली फार दिवस ठेवत नाहीत, आणि त्यांनी ठेवाव्यात अशी अपेक्षाही रास्त नाही.

यंत्रंही चाललीत. व्हीसीआर बनवणारी अखेरची जपानी कंपनी, फुनाई, 2016 साली थांबली. अमेरिकेत टपालानं डीव्हीडी धाडणारी नेटफ्लिक्सची सेवा 2023 च्या सप्टेंबरात बंद झाली. लिहिता येणाऱ्या ब्ल्यू-रे डिस्क बनवणं सोनीनं 2025 च्या फेब्रुवारीत सोडलं. डीव्हीडी प्लेअर अजून विकत मिळतात, पण नवा लॅपटॉप ड्राइव्हशिवाय येतो. म्हणून ह्या पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण डिस्कमधला मजकूर बाहेर कसा काढायचा ह्यावर आहे. प्लेअरवर न लागणारी डिस्क संगणकाच्या ड्राइव्हमध्ये पुष्कळदा वाचली जाते. एकात नाही तर दुसऱ्यात, म्हणून एका नकारावर थांबू नये. निघालेली फाइल दोन ठिकाणी ठेवावी, त्यातलं एक ठिकाण दुसऱ्या गावात असावं. पेन ड्राइव्ह ही फक्त ने-आण करायची वस्तू आहे, साठवणीची नव्हे. आणि हे सगळं आपल्या स्वतःच्या चित्रीकरणाबद्दल. विकतच्या सिनेमाच्या प्रती काढून वाटणं कायद्यात बसत नाही, शिवाय त्या चांदीच्या डिस्कला एवढी घाईही नाही.

वाचकांना एकच सांगणं आहे. पुढची प्रकरणं वाचण्याआधी कपाटातल्या डिस्क बाहेर काढा, पालथ्या करून चांदीच्या आणि जांभळ्या अशा दोन थप्प्या लावा आणि जांभळ्या थप्पीतली सगळ्यात जुनी डिस्क ह्याच आठवड्यात जवळच्या मिक्सिंगवाल्याकडे न्या. त्याच्या संगणकात अजून डीव्हीडीचा ड्राइव्ह आहे का, ते मात्र जाण्याआधी फोनवर विचारून घ्या.